शुक्रवारची नखं

१

शुक्रवारची सकाळ त्या गल्लीत उशिरा उजाडायची. कामगारांच्या बसेस नाहीत, शाळेच्या गाड्या नाहीत, आणि नवरा अश्फाक जुम्म्याच्या नमाजासाठी आंघोळीला शिरला की लवकर बाहेर येण्याची बात नाही. तेवढ्या वेळात समीना तीन वर्षांच्या लेकीची, शफाची, नखं काढायची. हा नेम तिचा स्वतःचा नव्हे, सासरचा. पण परमुलखात गेल्यावर बायका सासरचे नेम जरा जास्तच पाळतात, कारण विचारणारं कोणीतरी तिकडे व्हिडिओ कॉलवर बसलेलं असतं.

आखातातल्या अल रय्यानमधला तो व्हिला मालकाने आतून भिंती घालून चार-पाच बिऱ्हाडांना दिला होता. मागचं बिऱ्हाड यांचं. एक खोली मोठी, एक शफाची म्हणायची, आणि स्वयंपाकघर असं की फ्रीजचं दार उघडायचं तर माणसाने आधी बाहेर जावं. पण मागच्या दाराला अंगण होतं. दोन चादरी वाळत घातल्या की संपणारं, तरी अंगण. शफा झाल्यापासून फरीज बिन ओमरान वस्तीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात दिवस काढलेल्या समीनाला ते पहिल्या दिवशी दापोलीच्या वाडीएवढं वाटलं होतं. कंपाउंडच्या भिंतीलगत हातभर रुंद मातीची पट्टी, आणि त्या पट्टीत एकच झाड, गुलाबाचं.

समीना पायरीवर बसली, शफाला मांडीत घेतलं, पुढे टिश्यू पसरला. ताहेरुन्निसा, म्हणजे अश्फाकची आई, लग्न झाल्यापासून बजावत आली होती की नखं-केस केरात टाकायचे नाहीत, वाऱ्यावर सोडायचे नाहीत, कोणाचा पाय पडणार नाही अशा मातीत घालायचे. फ्लॅटमध्ये माती कुठली आणायची? म्हणून शफाची नखं आणि अकीक्याच्या विधीत उतरवलेलं जावळ बिस्किटांच्या एका डब्यात साठत गेलं. अश्फाक त्या डब्याला ‘आमची बचत’ म्हणायचा. नोव्हेंबरात गुलाब लावला तेव्हा समीनाने तो डबा खड्ड्यात रिकामा केला आणि वर रोप ठेवलं. तेव्हापासून दर शुक्रवारची नखं बुंध्याशी. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेली असल्यामुळे मनाची समजूत घालायला शास्त्रही हाताशी होतं. नख म्हणजे प्रथिन, मातीत हळूहळू विरतं, त्यातलं नत्र सुटतं, गुलाबाला बरंच.

तिने शफाचा अंगठा धरला, नेलकटर लावला आणि थांबली.

कापायला काही नव्हतं.

तिने एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. नखं मांसाशी टेकलेली, गेल्या शुक्रवारी तिने सोडली होती तशी. तेव्हा शफाने हात हिसडला होता, त्यामुळे अंगठ्याच्या नखाचा एक कोपरा तिरका कापला गेला होता. तो तिरका कोपरा जसाच्या तसा होता.

आपणच मध्ये कधीतरी कापली असतील, समीनाने मनाशी म्हटलं. डोकं ठिकाणावर असतं कुठे आपलं. पण तिरक्या कोपऱ्यावरून तिचा अंगठा फिरत राहिला. मग तिला आठवलं की त्याआधीच्या शुक्रवारीही टिश्यूवर फार काही पडलं नव्हतं. त्याच्याही आधी, जेमतेम.

अश्फाक केस पुसत बाहेर आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरंच की, नेलकटर जास्त दिवस टिकेल.

२

रोप आणलं होतं बशीरच्या नर्सरीतून. बशीर केरळचा. त्याची हिंदी जिभेला चटका बसल्यासारखी, पण झाडांविषयी बोलताना अगदी गोड. समीनाने आधीच सांगून टाकलं होतं की तिच्या हातून मनीप्लांटसुद्धा मेलेला आहे. त्यावर त्याने रांगेतून एक गोल, गुटगुटीत, गुडघ्याला लागेल न लागेल असं रोप उचललं.

“ये ले जाओ, मॅडम. टेन्शन नहीं देगा. बडा नहीं होगा. छोटा ही रहेगा.”

ऊन चढायच्या आत बुंध्याशी पाणी द्यायचं, पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्याने टिपायची, फूल सुकलं की त्याखालच्या पाच पानांच्या डहाळीवर तिरका काप द्यायचा. झालं. उन्हाळ्यात झोपेल, ऑक्टोबरात उठेल, त्याची चिंता नको, असं बशीर म्हणाला होता.

आणि खरंच, चिंता करण्यात जिचा हात कोणी धरू शकत नव्हतं, त्या समीनाला या झाडाने कसलीच चिंता दिली नाही. भिंतीच्या आडोशाने त्याला सकाळचं ऊन मिळायचं, दुपारनंतर सावली. डिसेंबरात त्याने बटणाएवढी फुलं धरली, फिकट गुलाबी, शफाला दात यायच्या आधी तिच्या हिरड्या होत्या त्या रंगाची. समीना रोज त्याचा फोटो काढायची. एकदा सासूला शफाचा फोटो पाठवायला गेली तर फोनमध्ये आठवडाभराचे सगळे गुलाबाचेच निघाले. तिने चटकन शफाला पायरीवर बसवून दोन फोटो काढले आणि त्या दिवशी तिला जास्तीचं लोणी घालून पराठा दिला.

नखांच्या त्या शुक्रवारनंतर मात्र समीना झाडाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. जुन्या काड्यांवरचे काटे तपकिरी, टणक होते. नव्या फुटव्यांवर वेगळेच आले होते. पातळ, चपटे, पाठीकडून गुलाबी आणि कडेला पांढरी किनार. तिने बोट लावलं तर काटा टोचला नाही, वाकला. गुगल म्हणालं की कोवळे काटे मऊच असतात. गुगलचं बरोबरच असणार. पण कोवळा झाला तरी काटा टोकदार असतो. हे गोल होते.

आणि तो आवाज. दुपारी शफा झोपलेली, एसीची घरघर, बाहेर ऊन असं की पडद्याच्या फटीतून आलेली रेघसुद्धा डोळ्यांना टोचावी. अशा वेळी अंगणातून यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. समीना एकदा दार उघडून बाहेर गेली. वाळून कडक झालेले कपडे, भिंत, झाड. एसीच्या बाहेरच्या डब्याचा पत्रा तापून फुगतो, त्याचा आवाज असणार. तिने डब्याला कान लावला. तो गप्प होता. तिच्या पाठीमागे, खाली, मातीच्या पट्टीकडे आवाज झाला. टक्.

ती आत आली आणि दाराला कडी घातली. दुपारी, भर उजेडात. नंतर तिचं तिलाच हसू आलं, पण कडी तिने काढली नाही.

३

रमजान संपत आला तेव्हा दापोलीचे महमूदचाचा सुट्टीवरून परतले आणि त्यांच्याबरोबर सासूची पिशवी आली. कोकमं, मालवणी मसाला, आणि शफासाठी ईदचा फ्रॉक. ताहेरुन्निसा नातीचे फ्रॉक स्वतः शिवायची आणि ते नेहमी वाढत्या अंगाचे. घेराला दोन दाब, खांद्याला एक. पोर वाढली की एकेक दाब उसवायचा, म्हणजे एक कापड दोन ईद तरी जातं.

नवा फ्रॉक शफाच्या पोटरीपर्यंत आला. समीनाने गेल्या ईदचा हिरवा फ्रॉक कपाटातून काढला. त्याचा एक दाब तिने ऑक्टोबरात उसवला होता, दुसरा अजून शाबूत होता. तोच शफाला घातला. घेर गुडघ्यावर बरोब्बर तिथे आला जिथे ऑक्टोबरात आला होता. समीना खाली बसून त्या काठाकडे बघत राहिली. ऑक्टोबरापासून मार्चपर्यंत, या वयात, दाब उसवावा लागू नये?

ईदच्या सकाळी कॉल लागला. शफाला मोबाईलसमोर उभं केलं. ताहेरुन्निसाने चष्मा वर केला, खाली केला.

“काय गो समीना, पोर होती तेवढीच हाय की. खायला घालतंस ना?”

समीनाचा चेहरा उतरला. अश्फाक मध्येच तोंड घालून म्हणाला, “अम्मी, तिची आई तरी कुठे मोठी आहे? लग्नात स्टेजवर पाटावर उभी केली होती, आठवतं ना?” तिकडे सगळे हसले. शफाही हसली. सगळे थांबले तशी तीही थांबली, त्याच क्षणी, कोणी बटण दाबावं तशी.

दुपारी ओळखीच्या घरी ईदच्या जेवणाला दहा-बारा बायका जमल्या होत्या. पोरं सोफ्यांवरून उड्या मारत होती, एकाने शिरखुर्मा गालिच्यावर सांडला होता. शफा खिडकीजवळ उजेडात बसून होती. पुढे ठेवलेलं खात होती. एका बाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, किती शहाणी पोर, काही त्रासच नाही हिचा. समीना हसली. मग तिने आठवायचा प्रयत्न केला की शफा शेवटची कधी रडली होती. हट्टाने, भोकाड पसरून, शेजारच्या बिऱ्हाडाने भिंत ठोकावी अशी. फ्लॅटमध्ये रोजच रडायची. इथे आल्यावर, अगदी सुरुवातीला. आणि नंतर?

तिला एकदाही आठवेना.

४

एप्रिलमध्ये एका सकाळी शफा अंथरुणात नव्हती. मागचं दार उघडं होतं. खुर्ची ओढून कडी काढलेली.

शफा मातीच्या पट्टीत उभी होती, गुलाबाशेजारी, अनवाणी. पायजम्याचे पाय ओले. झाडाला पाणी घालायची छोटी झारी रिकामी पडलेली. तिने बोटं मातीत रुतवली होती, तोंड उन्हाकडे वर केलं होतं आणि डोळे मिटले होते.

“शफा, काय करतेस बेटा?”

“Standing,” शफा म्हणाली. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ती सगळ्याची उत्तरं इंग्रजीतच द्यायची.

“पण कशाला?”

“It’s nice here.”

समीनाने तिला काखेत धरून उचललं. पाय लगेच सुटले नाहीत. माती ओली होती, ओल्या मातीतून पाय काढताना होतो तसाच आवाज झाला, एवढंच. समीनाने बाथरूममध्ये नेऊन तिची पावलं धुतली. बोटांच्या बेचक्यांत बारीक, पांढरे धागे अडकले होते. गवताची मुळं असतील. अंगणात गवत नव्हतं. तिने ते धागे ओढून काढले आणि शफाने पाय आखडून घेतला नाही.

त्याच आठवड्यात तिने हेल्थ सेंटरची वेळ घेतली. डॉक्टर इजिप्तची, वयस्क, हसरी बाई. तिने शफाची उंची मोजली, संगणकात पाहिलं, पुन्हा मोजली, मग नर्सला मोजायला सांगितली. ऑक्टोबरात लस द्यायला आणलं होतं तेव्हाची उंची आणि आजची, दोन्ही एकच. वजनही तेच. डॉक्टर म्हणाली की कधीकधी मुलं मध्ये थांबतात आणि मग एकदम वाढतात, तरी रक्त तपासू. सुई टोचली तेव्हा शफा स्वतःच्या हाताकडे अशी बघत राहिली जसा तो बाजूच्या खुर्चीवरच्या कोणाचा असावा. नर्स म्हणाली, माशाल्ला, व्हेरी गुड गर्ल.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. तीन महिन्यांनी या.

रिपोर्ट घेऊन परतताना समीना वाट बघत होती की अश्फाक आता काहीतरी बोलेल. पाटावरच्या आईचा विनोद, तिला चिडवायला ‘गुगल हकीम’, काहीही. सिग्नलला गाडी थांबल्यावर त्याने आरसा खाली करून मागच्या सीटवरच्या शफाकडे पाहिलं, आणि हिरवा दिवा लागल्यावर मागच्या गाडीने हॉर्न देईपर्यंत बघतच राहिला. उंची तीनदा मोजली गेली तेव्हा समीना घाबरली होती. पण त्याहून जास्त घाबरली ती इथे.

५

पुढच्या शुक्रवारी तिने टिश्यू पसरला नाही. शफाचा अंगठा नुसता पाहिला. तिरका कोपरा तिथेच होता. शफाला आत कार्टून लावून दिलं आणि नेलकटर घेऊन ती झाडापाशी उकिडवी बसली.

मे लागला होता. आता झाडाने मलूल व्हायला हवं होतं. ते टवटवीत होतं. उंची बशीरने सांगितली होती तेवढीच, पण काड्या भरल्या होत्या, आणि प्रत्येक काडीवर ते गोल, पातळ, गुलाबी काटे, वरून खाली मोठे होत गेलेले, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत असावेत तसे. तिने हा विचार मनातून झटकला. सर्वांत खालच्या काट्याच्या मुळाशी अर्धचंद्रासारखा पांढरा डाग होता.

आपण शिकलेल्या आहोत, समीनाने स्वतःला सांगितलं. आपण आता हा काटा कापणार, तो काटाच निघणार, आणि संध्याकाळी अश्फाकला सांगून दोघं हसणार.

तिने नेलकटर लावून दाबला. टक्.

हाच तो आवाज होता. रोज दुपारचा.

आणि घरात शफाने भोकाड पसरलं.

समीना धावली. शफा मूठ आवळून, तोंड लालेलाल करून रडत होती. मूठ उघडून पाहिली तर ना जखम, ना ओरखडा. समीनाने तिला छातीशी धरलं. भिंतीपलीकडून कोणीतरी ठोकलं. समीनाला रडू यायला हवं होतं, पण तिला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी तिची पोर तिच्यावर ओरडत होती, लाथा मारत होती.

अश्फाक ओल्या केसांनी दारात उभा होता. तिने त्याला सगळं सांगितलं. डबा, जावळ, आवाज, अंगठा. सांगताना तिला स्वतःचंच बोलणं वेड्यासारखं वाटत होतं आणि तो हसेल याची ती मनापासून वाट बघत होती. तिने तळहात पुढे केला. त्यावर कापलेला तुकडा होता. अश्फाकने तो उचलला, उजेडात धरला आणि परत तिच्या हातावर ठेवला.

“उपटून टाकतो,” तो म्हणाला.

तिने म्हटलं, बशीर म्हणाला होता उन्हाळ्यात हात लावायचा नाही, आणि आपल्याला माहीत तरी काय आहे, उपटल्यावर पोरीला काही झालं तर? एक काटा कापला तर ती एवढी...

“एक काटा कापला तर ती रडली, समीना. माणसासारखी.”

समीनाने शफाला मिठीतून खाली ठेवलं.

घरात फावडं नव्हतं. अश्फाकने स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं घेतलं आणि गुडघ्यावर बसून माती उकरायला लागला. झाड गुडघ्याएवढं, पण मूळ संपेना. ते खाली गेलं नव्हतं. फरशीखालून आडवं घराकडे गेलं होतं, शफाच्या खोलीच्या खिडकीच्या दिशेने. अश्फाकने दोन्ही हातांनी धरून ओढलं आणि कुठेतरी आत ते तुटलं. बुंध्याशी मातीचा गोळा होता, काळ्याभोर बारीक तंतूंनी आवळलेला. त्यात मुळं किती आणि जावळ किती, ते समीनाने पाहिलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं, आणि मग नाही.

त्याने सगळं काळ्या पिशवीत भरून गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलं, परत हातपाय धुऊन वजू केला आणि नमाजाला गेला.

शफा पूर्ण वेळ खिडकीत उभी होती. रडणं थांबलं होतं. ती काचेतून हात हलवत होती. “Bye-bye,” ती म्हणत होती.

६

दुसऱ्या सकाळी शफाची नखं वाढली होती.

समीनाने एकेका बोटाचा मुका घेतला. तिरका कोपरा कुठल्या कुठे गेला होता. तिने नखं कापली, टिश्यूत गुंडाळली, आणि माती नको म्हणून पर्समध्ये ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा कापावी लागली. खरंच थांबलं होतं आणि एकदम सुटलं, डॉक्टरचंच खरं, असं तिने अश्फाकला सांगितलं, आणि त्या रात्री दोघांनी बाहेरून बिर्याणी मागवली. नव्या फ्रॉकचा एक दाब उसवून तिने सासूला फोटो पाठवला. सासूचा व्हॉइस मेसेज आला, रडवेला, अल्लाने ऐकलं गो.

मग दुसरा दाब. मग खांद्याचा.

मग उसवायला दाब उरला नाही.

शफा आता सारखी भूक म्हणायची. खबूसचं पाकीट फोडून रोट्या एकामागून एक कोरड्याच खायची. पाय दुखतात म्हणून रडायची, आणि ते रडणं भरीव, जाड होत चाललं होतं. अश्फाकने नवे बूट आणले, ते त्याच आठवड्यात परत देऊन मोठे आणले, आणि मग आणायचे थांबवले. एकदा समीना ओट्याशी कांदा चिरत होती, तर शेजारून हात आला आणि वरच्या फळीवरचा बिस्किटाचा पुडा काढून घेऊन गेला. समीना कांद्याकडेच बघत राहिली. खुर्चीवर चढली असेल, तिने मनाशी म्हटलं. खुर्ची बाहेरच्या खोलीत होती.

चेहरा तेवढा तोच होता. तीन वर्षांचा, गोबरा, पुढच्या दातांत फट असलेला. समीना शक्यतो चेहऱ्याकडेच बघायची.

हेल्थ सेंटरला फोन करायला तिने चारदा मोबाईल उचलला. काय सांगायचं? की पोर वाढते? अश्फाक कामावरून उशिरा यायला लागला. आल्यावर आधी शफाच्या खोलीच्या बंद दाराशी थांबायचा, आतला श्वास ऐकायचा, आणि मग पाय न वाजवता पुढे व्हायचा.

नखं आता सकाळी कापली तरी संध्याकाळी असायची. नेलकटरची धार गेली तेव्हा समीनाने दुसरा आणला, मोठा, पायांचा.

एका दुपारी तिने अंगणात जाऊन तो खड्डा हातांनी उकरला. एवढ्या शुक्रवारांची नखं घातली होती, त्यातलं एखादं तरी सापडलं असतं तर परत नीट पुरता आलं असतं. माती कोरडी, भुसभुशीत. नखाचा तुकडा सोडा, एक केस नाही. ती ओढणी सावरत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. कचऱ्याची पेटी स्वच्छ रिकामी होती आणि उन्हात इतकी तापली होती की तिला हातही लावता येईना.

परत आली तेव्हा शफा पायरीवर बसली होती. पाय मातीच्या पट्टीत होते. पायरीपासून भिंतीपर्यंत अख्खं अंगण होतं, आणि तरी पाय मातीत होते.

“I’m hungry, Mama,” शफा म्हणाली.

७

बकरी ईदच्या आधीच्या शुक्रवारी ते बशीरच्या नर्सरीत गेले. दुपार कलून असरची अजान होऊन गेली तरी जमीन पेटलेली होती. हिरव्या जाळीखाली निम्मी टेबलं रिकामी, उरलेल्यांवर निवडुंग आणि प्लास्टिकच्या कुंड्या. बशीर पाइपने जमिनीवर पाणी मारत होता. त्याने समीनाला ओळखलं आणि झाड कसं आहे विचारलं.

तिने सांगितलं की तसंच दुसरं हवं.

तो हसला. आता? गुलाब? मॅडम, होते ते सगळे जळून गेले, नवा माल ऑक्टोबरात, इन्शाल्ला. समीना म्हणाली की फुलं नसली तरी चालेल, पानं नसली तरी चालेल. फक्त तीच जात हवी, जी लहान राहते. तिचा आवाज चढला तसा बशीरने पाइप बाजूला वळवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. घरात जागा कमी आहे का, त्याने मस्करीत विचारलं.

“हां,” समीना म्हणाली. “कम पड रही है.”

तिने मागे वळून गाडीकडे पाहिलं. इंजिन चालू होतं. मागच्या खिडक्यांना उन्हासाठी काळी जाळी लावलेली होती, ती समीनानेच आतून टाचून बसवली होती. अश्फाक ड्रायव्हरच्या सीटवर दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत होता. सीट त्याने पार पुढे ओढली होती, छाती चाकाला टेकेपर्यंत, कारण मागे जागा लागायची. आरसा त्याने वर, छताकडे वळवून ठेवला होता.

“ऑक्टोबर तक रुको ना,” बशीर समजुतीच्या सुरात म्हणाला. “कौन संभालता है पौधा? बच्चा?”

“हां. बच्ची है.”

“कितनी बडी?”

समीनाने तोंड उघडलं. गाडीच्या मागच्या काचेवर आवाज झाला. टक्. मग पुन्हा टक्. नखाने काच वाजवल्याचा. जाळीचा एक कोपरा आतून उचलला गेला, खूप वरून, जिथे छत सुरू होतं तिथून, आणि काचेवर बोटं टेकली. एकेक करून, सावकाश, पसरत.

“तीन साल की,” समीना म्हणाली.

बशीर काचेकडे बघत होता. पाइप त्याच्या हातून सुटून पडला होता आणि पाणी त्याच्या चपलांवरून वाहत होतं. ऑक्टोबराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

टक्.

शफा बोलावत होती. समीनाने पर्समध्ये हात घालून मोठा नेलकटर चाचपला, तो आहे ना याची खात्री केली, आणि ती गाडीकडे चालायला लागली.